नुसती जाऊन येते

बुधवारची यादी मी मंगळवारी सकाळी स्वयंपाक उरकला की करत असे. स्वयंपाकघराच्या दाराशी रोजच्या तारखेची पानं असलेलं कॅलेंडर खिळ्याला टांगलेलं होतं. उलटून गेलेल्या तारखेचं पान फाडायचं, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायचं आणि त्याच खिळ्याला अडकवायचं. स्टोव्हच्या पिना. कपड्यांचा साबण. थोरल्याच्या चड्डीला इलॅस्टिक. पांढरी बटणं, सहा. आणि शेवटी एखादं जरा लांबचं काम, कारण लांबचं काम नसलं की यादी भरल्यासारखी वाटत नसे.

याद्या करायची सवय मला शाळेपासून आहे. मीठ संपायच्या आधी मीठ लिहिलेलं असतं. पण ही बुधवारची यादी माझ्या इतर याद्यांसारखी नव्हती. इतर याद्या कामं संपावीत म्हणून होत्या. ही मी घराबाहेर पडता यावं म्हणून करत होते.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. आम्ही सोलापुरात सात रस्त्यापासून पायी दहा मिनिटांवर एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. यजमान सरकारी कचेरीत कारकून होते, सायकलवर जात आणि दुपारी जेवायला घरी येत. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. आणि सासूबाई. त्या होटगीच्या पलीकडच्या खेड्यातल्या. मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या तोंडात सारखीच. मी त्यांना आत्याबाई म्हणे, मुलं अव्वा म्हणत. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे पळत्या मुलामागं धावणं त्यांना जमत नसे आणि मी ते त्यांच्यावर टाकतही नसे.

आमच्या दारासमोर, जिन्याच्या पलीकडच्या खोल्यांत भाभी राहत. त्यांचे मियाँ ट्रक चालवत, आठवड्यातले चार दिवस बाहेर. भाभींना तीन मुलं. माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असतील. आमचा दोघींचा एक करार होता. बुधवारी तीन ते साडेपाच माझी दोन त्यांच्याकडे, शनिवारी तीन ते साडेपाच त्यांची तीन माझ्याकडे. दुपारी तीनला गिरणीचा भोंगा व्हायचा. पाळी बदलायची ती वेळ. तो वाजला की आमचीही पाळी बदलायची.

भाभी शनिवारी माहेरी जात. माहेर गावातच होतं. सुरुवातीला मला वाटलं, आईला मदत करायला जात असतील. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मदद कायकी जी? मैं तो जाको सोती."

"नुसत्या झोपता?"

"हौ. अम्मा दरवाजा लगा लेती, मैं पंखे के नीचे सोती. उठको चाय पीती, आती. बस."

हे त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं. माझं तसं नव्हतं. माझ्या घरात, आणि मी ज्या घरांत वाढले त्यातही, काम असल्याशिवाय लहान मुलांची आई बाहेर पडत नसे. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. देवदर्शन चालत असे, पण देवळाला जाते म्हटलं की आत्याबाई गुडघे विसरून बरोबर निघत. म्हणून देऊळ माझ्या यादीत कधीच आलं नाही. माझं माहेर अकलूजला, तिथं अडीच तासांत जाऊन येणं शक्य नव्हतं. राहिली ती बाजाराची कामं. ती मला चांगली जमत.

एका कामाची दोन कामं करायला मी शिकले. बटणं सात रस्त्यावर मिळत, तरी दोरा घ्यायला नवी पेठ. साबण कोपऱ्यावर मिळे, पण पलीकडचा दुकानदार ओला साबण देत नाही, हे आत्याबाईंना पटलेलं होतं. मनगटावर लग्नातलं घड्याळ होतं आणि कुठलं काम किती मिनिटांचं ते मला नेमकं ठाऊक होतं. खरी कामं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपत. मग दीड-पावणेदोन तास माझे.

त्या वेळात मी काय करत होते, ते सांगते. फार काही नाही.

आधी चालायचे. हात मोकळे सोडून. दीड वर्षाचं मूल कडेवर असलं की बाई एका बाजूला कलून चालते आणि चार वर्षांच्या मुलाचा हात धरला की त्याच्या पावलांनी चालते. माझं स्वतःचं चालणं बऱ्यापैकी भराभर आहे, हे मी बुधवारी पुन्हा ओळखायला लागले. किल्ल्याच्या तटाच्या कडेनं एक फेरी व्हायची. तिथं सावली असे. मग सात रस्त्याजवळच्या एका उडपी हॉटेलात शिरायचे. तिथं बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी मागं एक लाकडी आडोसा होता, पुढं हिरवा पडदा. चार टेबलं. त्यातलं भिंतीकडचं मी धरत असे.

पहिल्यांदा गेले तेव्हा वेटरनं चार पेले पाणी आणून ठेवलं आणि उभा राहिला.

"बाकीचे यायचेत ना?" त्यानं विचारलं.

"येतील," मी म्हटलं.

कुणी येणार नव्हतं. मी एक मसाला डोसा सांगितला. तो आला, मी खाल्ला, कॉफी घेतली. तरी चारही पेले तसेच टेबलावर, कुणीतरी येईल म्हणून. साड्यांना फॉल लावून द्यायचं काम मी घरी करत होते, त्यातले सुटे पैसे माझे होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की मुलगा झाल्यापासून मी गरम पदार्थ गरम असताना खाल्लेलाच नव्हता. भाकरी तव्यावरून उतरली की आधी त्याच्या ताटात, मग इतरांच्या, आणि माझ्यापर्यंत येईतो तिचा पापुद्रा चिवट झालेला. इथं डोसा कडेनं कुरकुरीत होता. त्यातून वाफ येत होती. त्यातला तुकडा कुणी मागत नव्हतं, कुणी चटणीत हात घालत नव्हतं. मी तो पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एका बैठकीत, एकदाही न उठता खाल्ला.

पुढं कधीतरी माझ्या एका भाचीनं विचारलं, मावशी, मुलांची आठवण यायची नाही का गं तेव्हा? यायची. सव्वाचार झाले की वाटायचं, धाकटी आता उठली असेल. तेवढंच. भाभींकडं ती उठली तरी काही बिघडत नव्हतं. पोटात कालवणं, घास अडकणं असं काही झालं नाही. पहिले काही आठवडे मी त्याची वाट पाहिली. बाहेरचं तेलकट खाल्लं की आता पोट दुखेल म्हणून आपण थांबतो ना, तसं. दुखलं नाही. मग वाट पाहणं सोडून दिलं.

आणखी एक सांगायला हवं. दोन तास बाहेर राहून मी ताजीतवानी होऊन येई आणि मग मुलांना जास्त प्रेमानं वागवी, असं मी म्हणणार नाही. कधी तसं झालं, कधी आल्या आल्या धाकटीनं दुधाचा पेला कलंडून दिला आणि मी ओरडले. मुलांच्या भल्यासाठी मी जात नव्हते. मला आवडायचं म्हणून जात होते. मुलांचंही बरं चाललं होतं. धाकटीला आणायला गेलं की ती भाभींच्या ओढणीत तोंड लपवी आणि भाभी म्हणत, "देखो, घर को नक्को बोलती. छोड़को जाओ इसकू."

असं वर्षभर तरी चाललं असेल. मग एका उन्हाळ्यात, मंगळवारी संध्याकाळी, यजमान रोजच्यापेक्षा तासभर उशिरा आले. सायकलच्या हँडलला फुगलेली कापडी पिशवी. वर आले, खाटेवर बसले, खिशातून कॅलेंडरचं पान काढलं आणि पिशवीतून एकेक वस्तू बाहेर ठेवायला लागले.

"पिना. दोन पाकिटं घेतली, एक ठेवणीत. साबण. इलॅस्टिक, रुंद की अरुंद ते लिहिलं नव्हतंस, दोन्ही आणलं. बटणं. आणि हे सुतळीचं बंडल. सगळं झालं!"

जेवायला आले होते तेव्हाच त्यांनी पान खिळ्यावरून काढून घेतलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही कशाला?" मी म्हटलं.

"अगं, काय ऊन पडतंय. कचेरीतला शिपाई घेरी येऊन पडला काल. म्हटलं, तू भर दुपारी पायपीट करतेस दर बुधवारी, आणि माझ्याकडे सायकल आहे. सुटल्यावर तासाभराचं तर काम. उद्या तू आराम कर."

आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "असला नवरा असतोय व्हय कुणाचा? तुझ्या सासऱ्यानं मला कवा कोथिंबिरीची काडी आणून दिली न्हाय."

"बरं केलंत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माणूस घामानं भिजला होता आणि त्याच्या तोंडावर इतका आनंद होता.

बुधवारी भोंगा झाला आणि भाभी दारात आल्या. "चलो जी, लाओ दोनोंको."

"आज नाही जायचं. कामं झाली सगळी. यांनी केली."

"तो अच्छा हुआ ना! थैली उठाने की नहीं. खाली हात जाओ."

"खाली हात कशी जाणार भाभी? कुठं जाते म्हणून सांगू?"

भाभींनी माझ्याकडं पाहिलं. "मैं क्या बोलती? सोने जाती बोलती."

"तुमचं वेगळं आहे."

"हौ," त्या म्हणाल्या. "मेरी सास नहीं है."

त्या दुपारी मी खिडकीशी बसून शर्टाला बटणं लावली. सहा.

पुढच्या मंगळवारी मी शहाणपणा केला. पुरुषाला जमणार नाही अशीच कामं लिहिली. जांभळ्या साडीला फॉल, रंग जुळवून. बांगड्या भरणे. फॉलचा रंग जुळवताना दुकानातल्या बायकाही चुकतात. आणि बांगड्या तर हात पुढं केल्याशिवाय भरताच येत नाहीत. पान खिळ्याला अडकवून मी निश्चिंत झाले.

यजमानांनी जेवायला आल्यावर यादी वाचली, माझ्या कपाटातून जांभळी साडी काढली आणि घडी घालून पिशवीत ठेवली. ती साडी त्यांच्याबरोबर कचेरीत गेली. तिथल्या दोन टायपिस्ट बायकांचं मत घेतलं गेलं. सुटल्यावर तीन दुकानं हिंडून ते जो फॉल घेऊन आले तो इतका जुळलेला होता की मी स्वतः आणला नसता. बांगड्यांचं काय करायचं ते त्यांनी आईवर सोपवलं होतं. बुधवारी सकाळी दहा वाजता कासारीण टोपली घेऊन जिना चढून आली.

"हितंच बोलावली की," आत्याबाई म्हणाल्या. "उगं उनात कशापाई जातीस? भाभीला पण हाक मार."

भाभी आल्या, त्यांच्या मुलींनीही बांगड्या भरल्या, माझ्या धाकटीनंही दोन लाल बांगड्या रडून घेतल्या. माझ्या दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या आल्या आणि बुधवार गेला. भाभी ओढणी तोंडावर धरून हसत होत्या. मलाही हसू आलं, नाही असं नाही.

पण त्याच रात्री जेवताना यजमान म्हणाले, "आता हे खातं माझ्याकडे. दर मंगळवारी मी आणत जाईन. तू फक्त लिहून ठेव."

मी आमटी वाढत होते. वाढता वाढता माझ्या लक्षात आलं की आता हे कायमचं झालं. उन्हाळा सरेल, ऊन उतरेल, तरी हे खातं त्यांच्याकडेच राहील, कारण ते चांगले आहेत. बेजबाबदार नवऱ्याशी भांडता येतं. यांच्याशी कशावरून भांडू? आणि दोष त्यांचा नव्हताच. मी वर्षभर त्यांना सांगत आले होते की मी कामाला जाते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि काम उचललं.

पुढचे काही दिवस मी दुपारी तीनचा भोंगा नको तितक्या लक्षपूर्वक ऐकत होते. घरात काही कमी नव्हतं. फक्त आठवड्याच्या मधोमध जे एक दिसत असायचं, ज्याच्या भरवशावर सोमवार जायचा, ते दिसेनासं झालं होतं. एरवी आंघोळीच्या वेळी पळणाऱ्या मुलाच्या मागं धावताना मला काही वाटत नसे. आता वाटायला लागलं. नवी यादी करायला मी दोनदा पेन्सिल घेतली. पण मी काही लिहिलं की ते आणणार, आणि काही न लिहिता जायचं तर तोंडानं सांगावं लागणार. तिसरा रस्ता सापडेना. पुढच्या मंगळवारी मी यादी केली नाही. यजमानांनी रिकामा खिळा पाहिला. "या आठवड्यात काहीच नाही?" "नाही," मी म्हटलं.

बुधवारी धाकटीला झोपवलं, तोंड धुतलं, वेणी घातली, बाहेरची साडी नेसले. आत्याबाई खाटेवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"कुटं निघालीस?"

"कुठं नाही. नुसती जाऊन येते."

"नुसती म्हंजी?"

"काम नाही काही. फिरून येते. साडेपाचला येईन."

त्यांचा तेलाचा हात थांबला. "पोराचा बाप ढीगभर सामान आणून टाकतोय. घरात काय कमी हाय?"

"काही कमी नाही."

"मग? पोरं नको झाली व्हय तुला?"

हे वाक्य कधीतरी येणार, हे मला माहीत होतं. त्याच्या भीतीनंच तर मी वर्षभर बटणं आणि साबण लिहीत होते. आता ते समोर आलं तर उत्तर आपोआप आलं.

"पोरं नको झाली नाहीत आत्याबाई. दोन तास नको आहेत."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग पदरानं हात पुसून कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. मला तितकं कानडी येत नाही. रागाचं होतं की नाही, ते कळलं नाही. भोंगा झाला. भाभींच्या दारावर टकटक केली, मुलगा आपणहून आत पळाला, झोपलेली धाकटी मी त्यांच्या हातात दिली. परत वळून चपला घातल्या.

"त्यानं विचारलं तर?" आतून आवाज आला.

"मी सांगेन त्यांना. तुम्हाला सांगावं लागणार नाही."

मग त्या म्हणाल्या, "होगी बा." म्हणजे जाऊन ये. कुणी दाराबाहेर पडताना त्या नेहमीच हे म्हणत, सवयीनं. त्या दिवशी सवयीनंच म्हणाल्या की कसं, ते मी विचारलं नाही. जिना उतरले.

त्या दिवशी तटाच्या कडेनं दोन फेऱ्या झाल्या. हॉटेलात वेटरनं चार पेले आणले. "बाकीचे?" "कुणी नाही," मी म्हटलं, "एकटीच आहे." त्यानं तीन पेले उचलले आणि गेला. एवढंच झालं. वर्षभर ज्या उत्तराला मी घाबरत होते, त्यात त्याला काडीचा रस नव्हता.

घरची गोष्ट वेगळी होती. मुलं झोपल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं. हॉटेलाचंही. अर्धवट सांगितलं तर पुन्हा तीच गत होणार.

"एकटी? फॅमिली रूममध्ये?" ते म्हणाले.

"हो."

"वर्षभर?"

"पावसाचे दोन बुधवार सोडून."

त्यांनी उशी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "आणि मी वेड्यासारखा साडी घेऊन कचेरीत."

"फॉल फार छान जुळलाय."

त्यावर ते हसले नाहीत. "लोक बघतात गं. कुणी ओळखीचं भेटलं तर काय म्हणेल, कारकुनाची बायको एकटी डोसे खाते."

"डोसाच खाते म्हणेल. आणखी काय म्हणेल?"

मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. तो चेहरा मी ओळखत होते. खाटेवर इलॅस्टिक ठेवताना तोच होता. "मग असं करू. मी बुधवारी अर्धी रजा काढत जाईन, महिन्यातून दोनदा. आपण दोघं जाऊ. तुला एकटीला बसायला नको."

त्यांच्या आईला उत्तर देणं मला सोपं गेलं होतं. हे कठीण होतं. हा माणूस मला हवं ते द्यायला तयार होता आणि मला नेमकं त्याच्याशिवाय हवं होतं. मी पांघरुणाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तुम्हीही नको," मी म्हटलं. "रविवारी जाऊ आपण सगळे. बुधवारी मला एकटीला जायचंय."

"माझ्याबरोबर बसायला काय होतं?"

"काही होत नाही. तुम्ही बरोबर असलात की मी तुमच्याशी बोलेन, तुम्हाला काय हवं ते बघेन, चटणी तुमच्याकडे सरकवेन. मला दोन तास कुणाचं काही बघायचं नाही."

त्यांना लागलं. मी काही ते गोड करून सांगत नाही. चार-पाच दिवस ते कमी बोलत होते, सायकल नको इतकी पुसत होते. मी माफी मागितली नाही, कारण मग पुढच्या बुधवारी ती परत घ्यावी लागली असती. रोजचं सगळं रोजच्यासारखं केलं. मंगळवारी आम्ही दोघांनी मिळून महिन्याच्या सामानाची एक मोठी यादी केली आणि ती त्यांनी शनिवारी आणायची ठरली. शनिवार माझ्याकडे पाच मुलांचा दिवस, तेव्हा मला बाहेर पडता येतच नसे. त्या वाटणीवर ते थोडे सैलावले. "आणि बुधवारी?" त्यांनी विचारलं. "बुधवारी काही आणायचं नाही," मी म्हटलं. ते "बरं" म्हणाले.

बुधवारी मी गेले. कुणी काही विचारलं नाही, पण आत्याबाई "होगी बा" म्हणाल्या नाहीत. त्या तोंड भिंतीकडं करून पडल्या होत्या. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं. यजमान हळूहळू येतील वळणावर, हे मला दिसत होतं. पण घर दिवसभर आत्याबाईंच्या हाती होतं. त्यांनी एकदा चारचौघांत तोंड वाकडं करून "आमची सून फिरायला जाती" म्हटलं असतं तर ती गोष्ट नात्यागोत्यात गेली असती आणि मग यजमानांनाही माझ्या बाजूनं उभं राहता आलं नसतं. चालताना मी तो विचार बाजूला ठेवला. घरी जाऊन बघू म्हटलं. डोसा सोडून त्या दिवशी इडली मागवली.

परत आले तेव्हा अर्ध्या जिन्यातच वरचे आवाज ऐकू आले. आत्याबाईंची धाकटी बहीण, म्हणजे यजमानांची मावशी, होटगीच्या गाडीनं अचानक आली होती. दार उघडं होतं आणि त्या दोघी मोठ्यानं बोलत होत्या, खेड्यातल्या बायका बोलतात तशा.

"सून दिसंना ती. बाजाराला गेली व्हय?" मावशींनी विचारलं.

"न्हाय."

"माहेराकडनं कोण आलंय?"

"न्हाय गं. कोण येतंय."

"मग लेकरं टाकून गेली कुटं?"

मी कठड्याला धरून उभी राहिले. वरून भांड्याचा आवाज आला. आत्याबाई चहा गाळत असाव्यात.

"टाकून कशाला? समोर भाभीकडं हायत की. खेळालेत. ऐक ना, केवडा दंगा चाललाय."

"आन् ती?"

"भायेर गेलीया."

"अगं पर काय कामाला?"

"काम काय न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "बुधवारची जाती ती. साडेपाचला येती."

"काम न्हाय आन् जाती? आन् तू काय म्हणत न्हाईस?"

"म्या काय म्हणू? साडेपाच म्हणती तर साडेपाचला येती. घरातलं एक काम आडत न्हाय तिचं." मग जरा थांबून, "आपण गेलो व्हतो का कवा? गुडघं शाबूत व्हते तवर न्हाई गेलो. आता जा म्हटलं तरी कोण जातंय. तू च्या घे, गार व्हतोय."

मावशींनी चहा घेतला असावा, कारण पुढं त्या शेतातल्या विहिरीबद्दल बोलायला लागल्या.

मी घड्याळात पाहिलं. पाच वीस. अजून दहा मिनिटं होती. चपला न वाजवता मी खाली उतरले आणि कोपऱ्यापर्यंत आणखी एक चक्कर मारून आले.